पुडिंगात धातू नसावा

लायोनेल टॅपस्कॉट यांनी आयुष्यात नियम मोडला तो एकदाच, आणि तोही नियम पाळता पाळता.

नेदरकोम गावात चर्चच्या हॉलमध्ये नाताळच्या आधीच्या रविवारी म्हाताऱ्याकोताऱ्यांना जेवण असतं. बेचाळीस पानं. त्या जेवणाचं पुडिंग महिनाभर आधीच वाफवून, बांधून, कपाटात मुरत ठेवायचं. गेली कित्येक वर्षं ते मिसेस हॉब्ज करायच्या. या वर्षी त्या ओल्या पायरीवरून घसरल्या, मनगट मोडलं, आणि समितीच्या बैठकीत "मग आता कोण?" हा प्रश्न निघाला. असा प्रश्न निघाला की इंग्रज माणूस खिडकीबाहेरचं हवामान बघायला लागतो. अकरा जण हवामान बघत होते. लायोनेल यांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून होती, एवढाच त्यांचा अपराध.

शिवाय त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. जिल्ह्याच्या कार्यालयात अन्नाची स्वच्छता तपासण्यात त्यांनी एकतीस वर्षं काढलेली. चर्चच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं नियमांचं परिपत्रक त्यांच्याच हातचं. त्यातला पहिला नियम, 'पुडिंगात धातू नसावा', हा तर त्यांच्या कारकिर्दीचा कळस होता. त्याआधी पुडिंगात जुनी चांदीची नाणी टाकायची रीत होती. ज्याच्या घासात नाणं येईल त्याचं वर्ष भरभराटीचं. अंगठी आली तर वर्षाच्या आत लग्न. शिवणाचं अंगुस्तान आलं तर जन्मभर एकटं. बावीस वर्षांपूर्वी लायोनेल यांनी हे सगळं एका परिपत्रकाने बंद केलं.

नुसतं बंद केलं नाही, तर त्यावर व्याख्यान दिलं. ही रीत कुठून आली ते त्यांनी खणून काढलं होतं. पूर्वी नाताळानंतरच्या बाराव्या रात्री केकमध्ये वालाचा सुका दाणा घालत, आणि ज्याच्या तोंडी दाणा येई तो त्या रात्रीपुरता राजा. पुढे केक मागे पडला, पुडिंग आलं, आणि दाण्याच्या जागी नाणं बसलं. "दाण्याला माझी हरकत नाही," ते म्हणाले होते. "दाणा शिजतो. नाणं शिजत नाही." या युक्तिवादाला गावात कोणीच उत्तर दिलं नाही. ज्याअर्थी उत्तर नाही त्याअर्थी पटलं, असं लायोनेल यांनी जमेच्या बाजूला लिहून टाकलं. त्यांची बेरीज तिथेच चुकली होती, पण ते कळायला बावीस वर्षं जावी लागली.

तर पुडिंग. जिन्नस तेरा हवेत: ख्रिस्त एक आणि शिष्य बारा. लायोनेल यांनी पाव किसला, गाईची चरबी चिरली, मनुका निवडल्या, जायफळ उगाळावं तितक्या निष्ठेने किसलं, आणि शेवटी मोजले तर चौदा भरले. मिठाला जिन्नस धरायचं की नाही यावर त्यांनी पाऊण तास घालवला. अखेर मीठ पाहुणा आहे असं ठरलं.

पुडिंग करायचा रविवार महिनाभर आधीचा, आणि त्या दिवशीच्या प्रार्थनेची सुरुवातच 'मनं ढवळून काढ' अशा विनवणीने होते. देवाने भक्तांची मनं ढवळावीत एवढाच तिचा हेतू. पण ती कानावर पडली की पुडिंग ढवळायचं राहिलंय हे गृहिणींना आठवायचं, आणि अशी काही पिढ्या आठवण झाल्यावर तो रविवार पुडिंगाचाच झाला. तेव्हा प्रार्थना संपली की अख्खं गाव हॉलमध्ये येऊन एकेकदा लाकडी पळी फिरवतं. फिरवायची पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण बाळ येशूच्या दर्शनाला ते तीन ज्ञानी पुरुष त्याच दिशेने आले होते. मिसेस हॉब्जच्या राज्यात ही दिशा अंदाजाने चाले. लायोनेल यांनी टेबलावर खडूने बाण काढला आणि शेजारी होकायंत्र ठेवलं.

"मिसेस गॅड, तुम्ही ईशान्येकडून ढवळताय."

"ज्ञानी पुरुष वाटेत कुठेतरी वळले असतील की, मिस्टर टॅपस्कॉट," मिसेस गॅड म्हणाल्या. त्या हॉलच्या चिटणीस, किल्ल्या त्यांच्याकडे.

ढवळताना डोळे मिटून मनात एक इच्छा धरायची. इच्छा ही ज्याची त्याची खासगी बाब, म्हणून लायोनेल प्रत्येकाच्या वेळी सभ्यपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अडतीस माणसं आली. अडतीस वेळा त्यांनी भिंत पाहिली. गाव मनापासून, रेंगाळत इच्छा धरतंय याचं त्यांना फार समाधान वाटलं.

नियम क्रमांक चार: 'अन्न हाताळताना अंगठ्या काढून बशीत ठेवाव्यात.' त्यांनी आपली लग्नाची अंगठी काढून बशीत ठेवली होती. शेजारच्याच बशीत पाकात मुरवलेली संत्र्याची साल होती, पिवळी, चकचकीत. गर्दीच्या गडबडीत त्यांनी एक बशी मिश्रणात उपडी केली, मग दुसरीत थोडं उरलंय असं वाटून तीही केली. मिश्रणाचे तीन गोळे झाले, तीन भांड्यांत बसले, आठ तास वाफवले, वरून कापड आणि चंदेरी कागद बांधून कपाटात गेले. मिसेस गॅडनी कुलूप लावलं. लायोनेल घरी आले, साबणाने हात धुतले, आणि डाव्या हाताचं बोट बघून नळ तसाच वाहता ठेवून उभे राहिले.

घरात कोणी नव्हतं म्हणून बरं. त्यांची बायको डोरीन बहिणीच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी लीड्सला गेली होती, ती जेवणाच्या आदल्या दिवशी परतणार. त्रेचाळीस वर्षांत ती अंगठी लायोनेल यांच्या बोटातून घरात कधी उतरली नव्हती. डोरीन भांडणारी बाई नव्हती. ती नुसतं "बरं" म्हणायची. त्या एका शब्दाला लायोनेल यांनी जिल्ह्यातल्या कुठल्याही खाटकापेक्षा जास्त घाबरून दिवस काढले होते. तेव्हा अंगठी काहीही करून डोरीन यायच्या आत हातात परत हवी होती.

दुसऱ्या दिवशी ते मिसेस गॅडकडे गेले.

"पुडिंग जरा बघायचं होतं."

"कशाकरता?"

"असंच. धीर वाटावा म्हणून."

"त्याला अर्ज लागतो," मिसेस गॅडनी खणातून गुलाबी कागद काढला. "नियम सात. बांधलेलं पुडिंग वाढण्याच्या दिवसापर्यंत उघडू नये. उघडायचं तर स्वच्छता सल्लागाराची सही."

"स्वच्छता सल्लागार मीच आहे."

"हो ना. पण नियम नऊ. अर्जदाराने स्वतःच्या अर्जावर सही करू नये." त्यांनी चष्मा वर केला. "तुम्हीच लिहिलंय. फार छान लिहिलंय."

लायोनेल यांनी नियम नऊ पुन्हा वाचला. त्यात फट नव्हती. फटी राहू नयेत म्हणून त्या काळी त्यांनी तीन रविवार खर्च केले होते.

अखेर शेजारी क्लाइव्ह पॉमरॉय याच्या कानावर घालावं लागलं. क्लाइव्ह निवृत्त ट्रकचालक, गावातल्या कोणत्याही संकटावर सल्ला तयार असलेला माणूस. छंद म्हणून तो धातुशोधक यंत्र घेऊन शेताशेतातून फिरे. नऊ वर्षांत त्याला रोमन काळातलं असावं असं पट्ट्याचं एक बक्कल आणि असंख्य बाटल्यांची झाकणं मिळाली होती.

"डोरीनला सांगून टाक," क्लाइव्ह म्हणाला.

"दुसरा सल्ला दे."

"तशीच नवी घे."

"ती ओळखेल."

"मग बोट तुटलं म्हणून सांग."

"क्लाइव्ह."

"बरं, यंत्र लावू. तपमान तपासायला कपाट उघडता येतं ना? नियम बारा." नियम बारा क्लाइव्हला पाठ असल्याचं लायोनेल यांना तेवढ्यातही बरं वाटलं. "अंगठी कुठल्या पुडिंगात आहे ते तर कळेल. मग त्या दिवशी तूच वाढायला उभा राहा, ते पुडिंग तूच काप, सुरी अडली की झालं."

गुरुवारी दोघे थर्मामीटर घेऊन गेले. यंत्र क्लाइव्हने जुन्या छत्रीच्या पिशवीत घातलं होतं आणि पिशवीतून त्याचा गोल तवा बाहेर डोकावत होता. मिसेस गॅडनी तव्याकडे पाहिलं, कुलूप काढलं, "पंधरा मिनिटं," म्हणाल्या आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या.

पहिल्या पुडिंगावर यंत्र किंचाळलं. लायोनेल यांचा चेहरा उजळला. दुसऱ्यावरही किंचाळलं. तिसऱ्यावर तर थांबेनाच.

"चंदेरी कागद," लायोनेल म्हणाले. "तो काढ. कागद म्हणजे आवरण. नियम सातमध्ये कापडाबद्दल म्हटलंय."

कागद काढला. यंत्र तिन्हींवर ओरडतच राहिलं, आणि एकेका पुडिंगात बारा-तेरा ठिकाणी.

"तुझं यंत्र बिघडलंय."

क्लाइव्हने यंत्र बंद केलं, तवा उगाच बाहीने पुसला. त्याचे कान लाल झाले होते.

"लायोनेल, बस जरा."

"मला बसायचं नाही."

"बस रे. यंत्र ठीक आहे. ती नाणी आहेत."

"कसली नाणी?"

"सहा पेनीची. लोक टाकतात. डोळे मिटून इच्छा धरतात ना, तेव्हा. तू या वेळी स्वतः होतास म्हणून जरा पंचाईत होती, पण तू भिंतीकडे बघत होतास."

लायोनेल बसले.

"कोण लोक?"

क्लाइव्हने छताकडे पाहिलं. "तू सोडून सगळे, असं धरून चाल."

"कधीपासून?"

"परिपत्रक आल्या वर्षापासून. आधी विसरायचेसुद्धा काही जण. तू बंदी घातल्यावर कोणी विसरत नाही."

"आणि कोणाला मिळालं की?"

"नॅपकिन तोंडाला लावायचा, नाणं त्यात, नॅपकिन खिशात. घरी जाऊन धुवायचं. पुढच्या वर्षी तेच पुन्हा. आमच्या घरात एक जॅमची बरणी आहे."

"मला कोणी बोललं का नाही?"

"तू केवढं मनावर घेतलं होतंस. चौकटबिकट करून आणलीस. तुला वाईट वाटलं असतं."

म्हणजे बावीस वर्षं एका माणसाचं मन राखायला अख्खं गाव तोंडात चांदी धरून गप्प बसलं होतं. यात अपमान किती आणि प्रेम किती, हे लायोनेल यांनी मनातल्या मनात दोन रकान्यांत मांडून पाहिलं. दोन्हीकडे तीच नोंद येत होती.

"चौऱ्याण्णव साली माझी दाढ तुटली," ते हळूच म्हणाले. "मी अक्रोडाला दोष दिला. अक्रोडावर पत्रकही काढलं."

"ठाऊक आहे. तेव्हा तुझ्या दाराशी कोणी तरी पोर्ट वाइनची बाटली ठेवली होती, आठवतं? वर्गणी काढली होती आम्ही."

डोरीन शनिवारी आली. तोवर लायोनेल यांनी बोटाला पट्टी बांधून घेतली होती.

"काय झालं?"

"जायफळाची किसणी."

"बरं," डोरीन म्हणाली, आणि बॅग उघडायला लागली.

रविवारी हॉल हॉलीच्या काटेरी पानांनी सजला होता, दारावर वेल टांगली होती, आणि जिच्याखाली चुंबन घ्यायचं ती मिसलटोची डहाळी नेहमीप्रमाणे कोणीही उभं राहणार नाही अशा जागी, आग विझवायचा बंब ठेवतात त्या कोपऱ्यात, लटकत होती. लायोनेल एप्रन बांधून सुरी घ्यायला गेले. मिसेस गॅडनी सुरी आपल्या बाजूला ओढली.

"पट्टी आहे तुमच्या बोटाला, मिस्टर टॅपस्कॉट."

"लहानशी आहे."

"नियम पाच. हाताला जखम असलेल्याने वाढू नये." त्यांच्या आवाजात खरोखरची हळहळ होती. "बसा ना तुम्ही. एवढं केलंत. या वर्षी आम्ही वाढतो तुम्हाला."

अशा रीतीने लायोनेल पंगतीत बसले. शेजारी डोरीन. समोर मिस एनिड लस्कोम, वय एक्याऐंशी, चाळीस वर्षं गावच्या पोस्टाच्या खिडकीत बसून निवृत्त झालेल्या, राहायला एकट्या, बोलायला मोजक्या. टेबलावर दोघांनी दोन टोकं धरून ओढायची कागदी नळकांडी होती. ती फट्कन फुटली, आत निघालेले रंगीत कागदाचे मुकुट रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी डोक्याला घातले. लायोनेल यांच्या वाट्याला जांभळा आला. तो मोठा होता आणि भुवईवर उतरत होता. त्या पूर्वीच्या बाराव्या रात्रीच्या राजाचाच हा उरलासुरला मुकुट, असं ते दरवर्षी शेजाऱ्याला सांगत. या वर्षी सांगितलं नाही.

भाजलेली टर्की खाऊन झाली. दिवे मालवले. पुडिंगांवर ब्रँडी ओतून पेटवली, निळ्या ज्वाळा उठल्या, टाळ्या पडल्या, दिवे लागले, वाढप झालं. लायोनेल यांनी आपला तुकडा चमच्याने चिरून चिरून भुगा केला. एक नाणं निघालं. अंगठी नाही.

मग त्यांनी मान वर केली, आणि जे बावीस वर्षं दिसलं नव्हतं ते त्यांना दिसलं. मिस लस्कोम यांच्या शेजारचे निवृत्त कर्नल चावता चावता थबकले, दारातल्या वेलीकडे कौतुकाने पाहू लागले, आणि नॅपकिन ओठांना लावला. पाद्रीबाई, गावात येऊन अवघं वर्ष झालेल्या, त्यांनीही लावला. क्लाइव्हने लावला. मिसेस हॉब्जनी प्लास्टरच्या हाताने लावला. हॉलभर नॅपकिन वर जात होते, खिशात उतरत होते, आणि चेहऱ्यांवर एक सुरकुती हलत नव्हती. यांतल्याच एका खिशात त्यांची अंगठी आता घरी चालली होती. रीतच तशी पडली होती, मिळालेलं बोलून दाखवायचं नाही. आणि ती रीत पाडली कोणी, याचा हिशोब करायला फार गणित लागत नव्हतं.

लायोनेल उभे राहिले. खुर्ची करकरली. हॉल त्यांच्याकडे वळला.

"मला एक विचारायचं आहे," ते म्हणाले. मुकुट डोळ्यावर आला, त्यांनी तो मागे सारला. "आजच्या पुडिंगात कोणाला धातूची वस्तू सापडली आहे का?"

चमचे थांबले. कर्नल वेलीकडे बघतच राहिले.

"नाण्यांबद्दल मी विचारत नाही. नाण्यांचं मला कळलंय." त्यांनी स्वतःच्या ताटलीतलं नाणं उचललं आणि सर्वांना दिसेल असं टेबलक्लॉथवर ठेवलं. "हे मला मिळालं. मी अंगठीबद्दल विचारतोय. ती माझी आहे. माझ्या हातून पडली. पुडिंगात धातू या वर्षी मीच घातला." एवढं बोलून त्यांनी बोटाची पट्टी सोडली. आत बोट अगदी निरोगी होतं, फक्त मुळाशी पांढरं वळं.

डोरीन वर न बघता म्हणाली, "जखम नाही हे मला कालच कळलं होतं. खरी असती तर तू किसणीची तक्रार लिहिली असतीस."

कुठेतरी टिंग झालं. कर्नलनी नाणं बशीत टाकलं होतं. मग दुसरं टिंग, तिसरं. हॉलभर बश्या वाजायला लागल्या, जॅमच्या बरणीतली, मखमली डब्यांतली, आजींच्या काळातली नाणी एकेक करून बाहेर आली, आणि माणसं एकमेकांची नाणी उचलून त्यांवर कोरलेली सालं वाचायला लागली. "हे तर माझं," मिसेस हॉब्ज पलीकडच्या टेबलाला म्हणाल्या. "याला मी भोक पाडून घेतलं होतं." अंगठी मात्र कोणाच्या बशीत पडली नाही. आवाज थांबला तरी लायोनेल उभेच होते.

"माझ्याकडे आहे," मिस लस्कोम म्हणाल्या.

त्यांनी उजवा हात टेबलाखालून वर घेतला. पुरुषी अंगठी त्यांच्या कुठल्याच बोटाला बसली नसती, म्हणून त्यांनी ती अंगठ्यात घातली होती. पुसून, लखलखीत करून.

"मी लपवत नव्हते, मिस्टर टॅपस्कॉट. घासात आली. मला वाटलं, आली." त्या जरा हसल्या. "वर्षाच्या आत लग्न म्हणतात ना. मी म्हटलं, या वयात घाई करायला हवी." त्या अंगठी फिरवून काढायला लागल्या. सांधा सुजलेला होता, ती अडत होती. "निघेल. साबण लावला की निघेल."

कोणी हसलं नाही. लायोनेल यांना आपल्या बोटावर अंगठीचं पांढरं वळं आणि समोरच्या अंगठ्यावर ती अंगठी दिसत होती, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःची वस्तू परत मागितल्याची लाज वाटत होती.

"थांबा, एनिड," डोरीन म्हणाली. "असं कसं काढताय? पुडिंगातली अंगठी बाराव्या रात्रीपर्यंत मिळालेल्याची. घरातली हिरवी पानं उतरली की मालकाला परत. त्याआधी काढायची नसते. नियमच आहे तसा."

हॉलमध्ये असा नियम कोणी ऐकला नव्हता. मिसेस गॅडनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. पाद्रीबाईंनी लायोनेल यांच्याकडे.

"असं आहे का हो, मिस्टर टॅपस्कॉट? या रीतींची मुळं तुम्हालाच माहीत."

सगळा हॉल वाट बघत होता. डोरीन कस्टर्डच्या भांड्यावरची साय बाजूला करत होती, जणू उत्तराशी तिचा काही संबंध नव्हता. लायोनेल यांनी मुकुट सरळ केला. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही, एका शब्दाचीही, खोटी नोंद केली नव्हती.

"आहे," ते म्हणाले. "फार जुना आहे. वालाच्या दाण्याच्याही आधीचा."

आणि ते खाली बसले. डोरीनने टेबलाखाली त्यांचा उघडा हात धरला.

मिस लस्कोम यांनी अंगठी ओढणं सोडलं. हात पुन्हा टेबलाखाली नेला नाही. तो त्यांनी टेबलक्लॉथवर, अंगठा वर येईल असा, नीट ठेवला. मग त्याच हाताने त्यांनी कस्टर्डचं भांडं उचललं, डावीकडच्या कर्नलना पुढे केलं, मग उजवीकडे, मग पलीकडच्या टेबलापाशी उठून जाऊन तिथेही विचारलं. कस्टर्ड कोणालाच नको होतं. प्रत्येकाने थोडं थोडं घेतलं.